हात वर करणाऱ्या जोमाच्या गावी

आमच्या कराडकडची माणसं प्रवासाला निघाली की देवाला जातात, नाहीतर कोर्टात. आम्ही सासरा-सून एका कबड्डीपटूला भेटायला खाडीकाठच्या सारसोळ्याला निघालो, तेव्हा सगळ्या आळीत हसू झालं. "शालन, सासऱ्याचं वय झालं, पण तुझं काय?" असं शेजारणीनं विचारलंसुद्धा. मी म्हटलं, बाई, माझं खूळ त्यांच्या खुळाइतकंच जुनं आहे.

ते खरंच होतं. मला बघायला आले तेव्हा पोह्याची बशी हातात घेऊन आबांनी, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी, स्वयंपाकाचं काही विचारलं नाही. शाळेत कोणता खेळ खेळलीस, असं विचारलं. मी कबड्डी म्हटलं. "मग सारसोळ्याचा जोमा ठावं असंल?" मी म्हटलं, "डाव्या कोपऱ्यातला? घोटा धरला की सोडत नाही तो?" आबांनी बशी खाली ठेवली आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "तारीख काढा." नवरा मुलगा शेजारीच बसला होता. त्याला क्रिकेट आवडतं. अजूनही आवडतं, आणि त्याबद्दल आम्ही त्याला काही बोलत नाही.

ज्यांनी जोमाला पाहिलं नाही त्यांची मला कीव येते, म्हणून सांगते. काळा, सडपातळ, उंचीनं बेताचा. कोपऱ्यात असा वाकून उभा राहायचा की याचं मातीत काहीतरी हरवलंय असं वाटावं. समोरचा चढाईला यायचा, मांडीवर थाप मारायचा, नाचायचा. जोमा बघायचा फक्त पायाकडे. मग त्या नाचणाऱ्याचा पाय एकदा चुकून रेंगाळायचा आणि पुढच्या क्षणी तो तोंडावर आपटलेला दिसायचा. आमच्या कराडचे भलेभले गडी जोमासमोर जायच्या आधी घोट्याला पट्ट्या बांधायचे. पट्टीसकट धरायचा तो.

आणि मग ती फायनल. माझ्या लग्नानंतर दोनेक वर्षांनी आमच्याच गावात झाली. जोमाचा संघ विरुद्ध आमचा संघ. शेवटची काही मिनिटं उरली होती, त्यांचा एक गुण जास्त होता आणि मैदानात त्यांचा एकटा जोमा उरला होता. आमचा गडी चढाईला गेला, हूल देऊन रिकाम्या हातानं परत आला. पंचानं काही दिलं नाही. आमच्या गड्यानंही काही मागितलं नाही. तेवढ्यात जोमानं हात वर केला आणि स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला. आमच्या गड्याचं बोट त्याच्या बनियनच्या टोकाला लागलं होतं म्हणे. कपड्याला लागलं तरी गडी बाद. शेवटचा गडी बाद म्हणजे लोण. लोणाचे गुण मिळाले आणि कप आमचा झाला.

त्या मांडवात हजारो डोळे होते, एकानंही ते बोट लागताना पाहिलं नव्हतं. मी आणि आबा रेषेपासून हाताच्या अंतरावर बसलो होतो, आम्हीही पाहिलं नाही. म्हणून मग बोलणाऱ्यांची तोंडं सुटली. जोमा विकला गेला, असं त्याचं स्वतःचं गाव म्हणायला लागलं. पुढं तो कुठल्याच निवडीत दिसला नाही. माझी धाकटी बहीण मंगल लग्न होऊन वाशीच्या नव्या वसाहतीत राहायला गेली, तिच्याकडून कळलं की जोमानं त्या दिवसापासून गावच्या मैदानात पाऊलच टाकलेलं नाही. आणि दिवाळीत आली तेव्हा तिनं आणखी एक सांगितलं. ते मैदान आता नव्या शहराच्या रस्त्याखाली जाणार, माघात तिथली शेवटची स्पर्धा आहे.

आबा जेवता जेवता थांबले. "त्या मातीत जोमा येकदा उभा ऱ्हायला पायजे," ते म्हणाले. "त्ये बघितल्याबिगर मी मरत न्हाई." आबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. माघ लागला तशा मी पिशव्या भरायला घेतल्या.

वाशी

एसटीच्या प्रवासाचं वर्णन करत नाही, ज्याची त्याला हाडं असतात. पनवेलला बस बदलली आणि वाशीला उतरलो तेव्हा आबा म्हणाले, "सूनबाई, गाव बांधलंय खरं, पण माणसं घालायची राहिल्यात." रस्ते एवढे रुंद की पलीकडच्या माणसाला हाक मारावी लागते. झाडं गुडघ्याएवढी आणि त्यांचे पिंजरे छातीएवढे. मंगलला मात्र केवढा अभिमान! "ताई, इथे मोकळी हवा आहे, सोसायटीत सगळे सर्व्हिसवाले आहेत, काही टेन्शन नाही." संध्याकाळी वारा फिरला आणि कारखान्यांचा आंबूस वास घरात आला, तेव्हा तिनं गुपचूप खिडकी लावून घेतली. मीही काही बोलले नाही. आमच्या घराशेजारी गुऱ्हाळ आहे, चिपाडं सडली की काय वास येतो ते तिनंही कधी काढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा फिरायला गेले ते परत येईनात. त्या वसाहतीत सगळ्या इमारती एका साच्यातल्या. तोच जिना, तोच रंग, तिसऱ्या मजल्यावर तेच डावीकडचं दार. मी शोधायला निघाले तर पुढच्या ओळीतल्या इमारतीतून आबांचा आवाज आला. कुस्तीच्या फडात ओरडावं तसा.

झालं होतं असं. आबा मंगलचं घर समजून तिथल्या तिसऱ्या मजल्यावर शिरले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मंगल, च्या टाक." त्या घरातल्या सुनेला वाटलं, सासऱ्यांचे कोणी पाहुणे. तिनं चहा टाकला. आंघोळ करून सासरे बाहेर आले, भाऊ त्यांचं नाव, मूळचे देवगडचे. त्यांना वाटलं सुनेच्या माहेरचं कोणीतरी. दोघांनी एकमेकांची तब्येत विचारली, पिकापाण्याचं विचारलं, दुसरा चहा झाला. कोण कुणाचा, हे विचारणं दोघांनाही वाईट दिसलं असतं. शेवटी भाऊंनी विचारलं, इकडे कसं काय येणं केलं? आबांनी जोमाचं नाव घेतलं.

"सारसोळ्याचा जोमा? तो विकलेला माणूस?" भाऊ म्हणाले. मी पोचले ती तेव्हा.

आबा उभे राहिले. "कोण इकल्याला?"

"अहो, मी पेपरात वाचलंय. चढाईवाल्यानं मागितलं नाही, पंचानं दिलं नाही, मग हा बाहेर जातो कशाला? बाहेर जायला काय एसटी सुटत होती त्याची?"

"त्याला लागलं हुतं म्हणून ग्येला."

"कोणी बघितलं?"

"कुणी न्हाई."

"मग तुम्ही कशावरून सांगता?"

"माझ्या मिशीवरनं!" आबा ओरडले. "आणि ऐका भाऊ, मी कराडचा. कप आमालाच मिळाला. आता म्हणा, कप मिळाला म्हणून तुमाला त्यो भला वाटतो. म्हणा, म्हणा!"

भाऊ तेच म्हणणार होते, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी टॉवेल झटकला. "चला तर मग. त्याच्या तोंडावरच विचारू." त्यांच्या सुनेनं एवढ्यात विचारलं, "बाबा, पण हे आहेत कोण?" त्याचं उत्तर जिना उतरता उतरता मी दिलं.

सारसोळे

बसनं नेरूळच्या बाजूला उतरून पुढं चालत गेलो. नव्या रस्त्याची खडी संपते तिथं गाव सुरू होतं. वाळत घातलेली जाळी, आडव्या पडलेल्या होड्या, एकाला एक टेकलेली घरं आणि त्यातच मधे एखादं नवंकोरं स्लॅबचं घर. आमच्या गावात दारात म्हैस असते, इथं दारात सुकट. आबांनी नाकाला उपरणं लावलं, मी डोळे वटारल्यावर काढलं.

जोमाचं घर विचारलं तर एक म्हातारा म्हणाला, "कंचा जोमा? हात वर करनारा?" आबांनी छाती काढून हो म्हटलं.

जोमा ओट्यावर बसला होता. तळोज्याच्या कारखान्यात लागलाय, रात्रपाळी करून नुकताच आला होता. केस पिकले होते. एका हाताची दोन बोटं वाकडी राहिली होती, ती कोणाकोणाच्या घोट्यांनी केली त्याचा हिशेब आबांनी तिथल्या तिथं सांगितला. जोमा ऐकत राहिला आणि मधेच, बोटं किती वेळा मोडली ते सुधारून, "दोन नाय, तीन खेपेला मोरलेली" एवढंच म्हणाला. मला इतकं भरून आलं की मी आत स्वयंपाकघरात निघून गेले.

आत हिराबाई होती, जोमाची बायको. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, दंड पुरुषासारखे. तिनं मला पाट दिला नाही, खोबरं वाटायला दिलं. "बसलंस कना? वाट." मला ती तिथंच आवडली.

जेवायला चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण आणि तांदळाची भाकरी. ज्वारीच्या भाकरीपुढं ही पांढरी भाकरी म्हणजे तापातल्या माणसाचं जेवण, असं मला आधी वाटलं होतं. तिसरी मागून घेतली. आबांच्या ताटात अख्खी चिंबोरी आली, नांगीसकट. आबा बोकडाचं डोकं हसत खातात, पण ताटातून कोणी आपल्याकडं बघतंय हे त्यांना सोसेना. "ह्यो किडा कुठनं खायचा?" त्यांनी मला हळूच विचारलं. हिराबाईनं ऐकलं. "येवरे लांबशी घोटं बगाला आलं, नि चिंबोरीला भितान!"

भाऊंनी मात्र देवगडच्या हातानं नांगी फोडली आणि तोंड पुसत मुद्द्याला हात घातला. "जोमा, एक विचारतो, राग मानू नको. त्या दिवशी खरंच लागलं होतं?"

"लागला व्हता."

"त्या चढाईवाल्याला कळलं नाही. मग तुला बरं कळलं?"

जोमानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "बनियन माजा व्हता," तो म्हणाला.

 भाऊंनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला आणि बराच वेळ बुडवून ठेवला.

हात धुवून ओट्यावर आलो तर धर्माशेठ आला. हा जोमाच्या संघाचा त्या वेळचा कप्तान. आता रेती-विटांचा धंदा करतो, नव्या इमारतींना माल पुरवतो आणि गावच्या कबड्डी मंडळाचा अध्यक्ष आहे. पांढरी पँट, गळ्यात साखळी. आम्ही कुठले हे कळल्यावर हसला. "कप कसा हाय? पुसताव ना रोज?"

मग तो जोमासमोर बसला आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. "जोमा, मैदान जातंय. उद्या शेवटचा नारल फोराचा हाय. त्यो तू फोर, असा मना वाटतंय. फक्त माईकवर येक वाक्य बोल. त्या दिवशी माजी चूक झाली. बास. गाव इसरंल."

जोमा वाकडी बोटं चोळत बसला.

"आमी सात जन व्हतो, जोमा," धर्माशेठ म्हणाला. "हात तुजा येकल्याचा वर झाला. कप सगल्यांचा गेला. पुरच्या साली माजा गुरघा गेला, मना परत फायनल नाय भेटली. तुना कवा वाटला नाय, ह्या सहांना इचारावा?"

मला त्या माणसाचा राग यायचा ठरलेला होता, पण त्या क्षणी तो नीट येईना. त्याचंही काही गेलं होतं. पण म्हणून जोमानं खोटं बोलावं? हा कुठला न्याय? लागलेलं बोट लागलं नाही असं सहा जणांनी ठरवलं, तर ते लागलेलं नसतं काय?

आत येऊन मी हिराबाईला विचारलं, "काय करतील हो ते उद्या?"

"मना काय म्हाईत?" ती राख लावून टोप घासत होती. "बाजाराला गेलं का बाया इचारतान, इकून किती भेटलं गो? नवऱ्याला इचारनारं हजार. मना कोन इचारतंय, हिरा, तुला काय वाटतंय?"

"मग मी विचारते."

तिनं टोप उपडा घातला. "माजा नवरा खोटा बोलत नाय. मोठी पंचाईत हाय ती, घरानपन."

 परतताना आबा म्हणाले, "बोलला तर बोलला, सूनबाई. येक वाक्य तर हाय. मैदानात उभा तर दिसंल." भाऊंनीही मान डोलवली.

मी रस्त्यातच थांबले. लग्न झाल्यापासून मी आबांना उलट बोलले नव्हते. "चूक झाली असं तो बोलला, तर आपण इतकी वर्षं कोणासाठी भांडलो? मग पेपरवालाही खरा आणि धर्माशेठही खरा. तसा जोमा मैदानात दिसण्यापेक्षा न दिसलेला मला चालेल. आणि तुम्हालाही चालला पाहिजे!"

आबांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं, आता कराडची एसटी. पण ते नुसतेच चालायला लागले. रात्री जेवले नाहीत.

मैदान

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर आम्ही मैदानावर गेलो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला रस्त्याच्या खडीचे ढीग येऊन थांबलेले. मधे पाणी मारून धोपटलेली माती आणि त्यावर चुन्याच्या पांढऱ्याशुभ्र रेषा. उद्या परवा इथं डांबर पडणार होतं, पण कोणीतरी त्या रेषा दोरी लावून आखल्या होत्या. बायका एका बाजूला चटयांवर. मी हिराबाईशेजारी बसले, आबा आणि भाऊ समोरच्या बाजूला.

"हॅलो, हॅलो" झालं. धर्माशेठनं माईकवर जोमाचं नाव पुकारलं.  जोमा गर्दीतून आला, रेषेबाहेर चपला काढल्या, वाकून मातीला हात लावला आणि तो कपाळाला नेला. मग आत पाऊल टाकलं. समोर बसलेल्या आबांनी डोळ्याला उपरणं लावलेलं मला इथून दिसलं. मलाही समोरचं नीट दिसेनासं झालं होतं.

मधल्या रेषेवर फुलं वाहिलेला दगड होता. धर्माशेठनं जोमाच्या हातात नारळ दिला आणि माईक तोंडाशी धरला.

"त्या दिवशी," जोमा म्हणाला आणि थांबला. माईक खरखरला. "मना लागला व्हता. आज इचारशील तरी लागला व्हता. येवराच बोलाचा हाय."

धर्माशेठचा चेहरा पडला. त्यानं माईक बाजूला केला. "मग नारल खाली ठेव."

जोमानं नारळ दगडाशेजारी ठेवला. पण तो बाहेर गेला नाही. आपल्या डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. मागून पोरांनी ओरडायला सुरुवात केली, "भायेर! भायेर जा!"

तेव्हा आबा उठले. कराडच्या आमच्या घरात ओरडले की परसातली म्हैस दाव्याला ओढ देते, तो आवाज. "आरं, त्यो भाईर जायचा तवा आपणहून गेलाय! तुमी कोण सांगणार त्याला भाईर जा म्हणून?" भाऊ त्यांच्या शेजारी उभे राहिले. 

धर्माशेठ नारळ उचलायला वाकला. तेवढ्यात माझ्या शेजारची चटई हलली. हिराबाईनं पदर खोचला होता.

आमच्याकडं बाई नारळ फोडत नाही. घरात दुसरा पुरुष नसला तर आबा पाच वर्षांच्या नातवाला हाक मारतात, पण नारळ माझ्या हातात देत नाहीत. सारसोळ्यातही तीच रीत, हे बायकांनी एकदम रोखलेल्या श्वासावरून कळलं. हिराबाई चुन्याची रेषा ओलांडून सरळ आत गेली. तिनं धर्माशेठच्या हाताखालून नारळ घेतला, खाडीकडं तोंड केलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि एका दणक्यात नारळ दगडावर फोडला. पाणी मधल्या रेषेवर सांडलं.

"बाईमानसानं?" कोणीतरी म्हणालं.

"फुटला न्हवं?" आबा ओरडले. "मग झालं!"

मी चहावाल्याची सुरी घेऊन धावत गेले.  हिराबाईनं खोबऱ्याचे तुकडे पाडले आणि पदरात घेतले. पहिला खाडीकडं टाकला. मग ओळीत उभ्या असलेल्या खेळाडूंना. मघाशी ओरडणारी पोरं माना खाली घालून हात पुढं करत होती, कारण देवाच्या प्रसादाला नाही म्हणायची कोणाची छाती आहे? तिनं आबांना दिला. भाऊंनी दोन्ही हात जोडून ओंजळ केली. जोमाला तिनं त्याच्या कोपऱ्यात जाऊन दिला, तसं तो आम्ही आल्यापासून पहिल्यांदा हसला.

मग ती धर्माशेठसमोर उभी राहिली. तो इकडं तिकडं बघायला लागला. सगळं गाव बघत होतं.

"परसाद हाय, धर्मा," ती म्हणाली.

त्यानं तुकडा घेतला आणि मूठ मिटली. हिराबाई तशीच उभी. त्यानं मूठ उघडली, तुकडा कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. तो चावून गिळेपर्यंत ती समोरून हलली नाही.